देवघरातला गडू आणि झाशीची वाट

आज सुरुवात तुमच्या देवघरापासून करू. तिथे कोपऱ्यात गंगेचा गडू असेल. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला. कुणीतरी काशीला गेलं तेव्हा आणलेला, आणि घरातलं कुणी शेवटच्या घटका मोजत असलं की फोडायचा. एवढंच आपल्याला त्याच्याबद्दल ठाऊक असतं. रेल्वे नव्हती तेव्हा हे पाणी माणसाच्या खांद्यावरून यायचं. बांबूच्या दोन टोकांना भांडी बांधायची, कावड खांद्यावर घ्यायची आणि महिनोन्महिने चालायचं.

अशीच एक कावड कोकणात, पेणजवळच्या वरसई गावात आली. तिच्याबरोबर झाशीही आली.

कावड आणणाऱ्याचं नाव विष्णुभट गोडसे. गरीब भिक्षुक, घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी कानावर आली. तेव्हा काका रामभटांबरोबर १८५७ साली ते उत्तरेकडे निघाले. कर्ज फेडायचं आणि आईवडिलांना गंगेचं स्नान घालायचं, हा बेत. वाटेत महूजवळ त्यांना पलटणीतले शिपाई भेटले आणि लवकरच काय होणार आहे ते सांगून गेले. तिथून परत फिरायचं कुणालाही सुचलं असतं. पण कर्ज घरीच बसलेलं होतं ना!

फिरत फिरत हे दोघे झाशीला पोचले. बुंदेलखंडात कोकणी भटजींना ओळख कुठून मिळणार, असं वाटेल. पण झाशी तेव्हा बरीचशी मराठीच होती. ओरछाच्या बीरसिंह देवाने बांधलेला हा किल्ला छत्रसालानंतर पेशव्यांकडे आला. १७४२ मध्ये नारोशंकर तिथे सुभेदार झाले. किल्ल्याचा एक भाग त्यांनी वाढवला, त्याला शंकरगढ म्हणतात. नाशिकला गोदावरीकाठी मोठी घंटा असलेलं नारोशंकराचं देऊळ आहे ना, तेच हे नारोशंकर. पुढे झाशी आली ती नेवाळकरांकडे, आणि ते मूळचे रत्नागिरीकडचे. त्यामुळे विष्णुभटांना तिथे आपली भाषा मिळाली, आपला स्वयंपाक मिळाला आणि राणीच्या दरबारची दक्षिणाही मिळाली.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले. त्यानंतरचे दिवस विष्णुभटांनी जीव मुठीत धरून, दडून काढले. सरकारी कागदांत 'शहर ताब्यात आलं' एवढ्यात उरकणारी गोष्ट त्यांच्याकडून ऐकावी. गल्लीबोळांतल्या कत्तली, जळणारी घरं, आणि मग लूट. तीही कशी, तर पायरीपायरीने. आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. घागर गेली, परात गेली, ताटवाटी गेली. जी घरं जळाली नाहीत तीही अशी रिकामी झाली. युद्धाच्या इतिहासात भांड्यांचा हिशेब सहसा कुणी ठेवत नाही. ज्याच्या घरात मोजकीच भांडी, त्याचंच लक्ष तिकडे जातं. विष्णुभटांनी गाठीला बांधलेला पैसाही त्याच धामधुमीत गेला.

पुढे काल्पीच्या बाजूला एका विहिरीवर त्यांना राणी भेटली. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने जीव व्याकूळ झालेला. विष्णुभट पाणी शेंदायला पुढे झाले. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, असं म्हणून तिने स्वतःच पाणी शेंदलं आणि मातीच्या मडक्यातून ओंजळीने प्यायली. पुतळ्यांतली राणी घोड्यावर असते, हातात तलवार असते. हे मडकं आपल्याकडे आलं ते या एका भिक्षुकामुळे.

इथे थोडं थांबू, कारण घरातल्या गोष्टी ऐकताना आपण नेमके इथेच चुकतो. विहिरीवर विष्णुभट स्वतः हजर होते. पण गंगाधरराव बायकांसारखी वस्त्रं नेसत, ही गोष्टही त्यांनीच लिहून ठेवली आहे, आणि गंगाधरराव वारले नोव्हेंबर १८५३ मध्ये. विष्णुभट झाशीत आले त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ही झाली गावगप्पा. बंडाची कारणंही अशीच ऐकीव, बरीचशी त्या महूच्या शिपायांकडची. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं त्यांनी एकाच सुरात सांगितलं. आजीही तसंच सांगते. निवडायचं काम आपलं. आज मात्र ती गंगाधररावांची गोष्ट पुराव्यासारखी सांगितली जाते, हे मला पटत नाही.

अखेर ते वरसईला परतले. कर्जफेडीचा पैसा नव्हता, गंगेची कावड होती. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. मग कित्येक वर्षं हा प्रवास फक्त तोंडी राहिला. गोडसे ज्यांचे उपाध्याय होते त्या वैद्यांच्या घरातले चिंतामण विनायक वैद्य पुढे इतिहासकार म्हणून नावाजले. त्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास विष्णुभटांनी हे सगळं मोडी लिपीत लिहून काढलं. पण अट घातली की मी असेपर्यंत छापायचं नाही. इंग्रजांचं राज्य होतं, भीती होतीच. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

तेही वैद्यांनी हात फिरवून, भाषा नीटनेटकी करून. वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काळच तसा होता, आणि त्यांनी आग्रह धरला नसता तर पुस्तकच नसतं. पण विष्णुभटांची मूळ बोली वाचायची असेल तर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती घ्या. दोन्ही शेजारी ठेवून झाशीची पानं वाचा, फरक लगेच कळेल. आणि झाशीत तुमचे कुणी हिंदी वाचणारे स्नेही असतील, तर त्यांच्यासाठी अमृतलाल नागरांनी केलेला अनुवाद आहे, 'आँखों देखा गदर'.