कोणी, कधी, कुणासमोर
जातपंचायतींविरुद्ध काम करणाऱ्या नाशिकच्या एका कार्यकर्त्याचा दिवस

सकाळी ७
पहिला फोन बहुतेक वेळा सकाळचाच असतो. माणूस कामावर निघायच्या आधी, वस्ती जागी व्हायच्या आत बोलून घेतो. आजचा फोन नाशिकपासून तासाभराच्या अंतरावरच्या गावातून आहे. धाकट्या मुलानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून घर वाळीत टाकलंय. आता पुतणीचं लग्न ठरलंय, आणि पंचांनी तिच्या वडिलांना बजावलंय : थोरल्या भावाला मांडवात घेतलंस तर तुलाही दंड. फोनवरचे काका एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, "कुणाला तुरुंगात नाय घालायचं आम्हाला, दादा. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकू द्या, बस."

लग्न रविवारी आहे, आज बुधवार. त्यांना अकरा वाजता नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ बोलावतो आणि दोन गोष्टी सांगतो : मोबाइलमधलं काही पुसायचं नाही, आणि पंचांच्या हातावर एक रुपयाही ठेवायचा नाही.

सकाळी ९
अभियानात नव्यानं आलेली, वकिलीचं शिक्षण घेणारी एक मुलगी आज सोबत आहे. तिला आधी जुनी फाइल वाचायला देतो, कारण या कामाचं मूळ याच शहरात आहे. जून २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या वडिलांनीच जीव घेतला. त्यामागच्या जातपंचायतीच्या दबावाचा मुद्दा कृष्णा चांदगुडे आणि इथल्या कार्यकर्त्यांनी लावून धरला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं जातपंचायत मूठमाती अभियान त्यातूनच उभं राहिलं आणि ऑगस्टमध्ये नाशिकला परिषद झाली. त्याच महिन्यात, २० तारखेला, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. तरी काम थांबलं नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळानं एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

"इतका उशीर का लागला?" ती विचारते. खरं तर मुंबई राज्यानं १९४९ मध्येच बहिष्कृतीला बंदी घातली होती. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्या कायद्याला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये तो बहुमतानं रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, या आधारावर. समूहाचा हक्क मोठा की समूहातल्या एकट्या माणसाचा, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यासमोर आहे. आमची बाजू एकट्या माणसाची.

सकाळी ११
काका-काकू आले आहेत. काकूंच्या पिशवीत लग्नाच्या पत्रिका आहेत. भावकीतल्या सगळ्यांची नावं छापलीत, यांचं नाही. काका म्हणतात, "लिहा, आम्हाला वाळीत टाकलं." एवढ्यावर भागत नाही. बहिष्कार अंगावर वळ ठेवत नाही, त्याची पावती कुणी देत नाही. म्हणून दिवसातला सर्वांत जास्त वेळ या एका अर्जावर जातो.

कोणी सांगितलं? "पंचांनी." पंच म्हणजे कोण, नावं सांगा. कधी? "होळीनंतर." होळीनंतर किती दिवसांनी, वार कोणता? काकूंना आठवतं, त्या दिवशी बाजार होता. वार मिळाला, वारावरून तारीख निघाली. कुणासमोर? देवळासमोरच्या बैठकीत, चुलत दिरासमोर. दंड किती मागितला? पुढं काय काय बंद झालं? पिठाची गिरणी, हळदीकुंकू, समाजाचा व्हॉट्सॲप ग्रुप. ग्रुपमधून काढल्याच्या संदेशाचा फोटो मिळतो, त्यावर वेळही आहे. विद्यार्थिनी एकेक वाक्य लिहून वाचून दाखवते. काकू मध्येच तिला थांबवतात, "सासूबाईंच्या मयताला खांदा द्यायला कुणी आलं नाही, तेही लिही." ते कायद्यात बसतं. लग्न, मयत, देऊळ, स्मशान, शाळा, दवाखाना, धंदा, यापैकी कशातूनही जातभाईला तोडणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुपारी १.३०
हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अंमलदार अर्ज वाचतात आणि परत करतात. "हा तुमच्या समाजातला मामला, आपसात मिटवा." असं उत्तर नवं नाही, म्हणून कायद्याची छापील प्रत सोबत असतेच. मी आवाज न चढवता सांगतो : साहेब, गुन्हा दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवायला नकार मिळाला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे लेखी खबर पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. ते आत जाऊन वरिष्ठांशी बोलतात. अर्ध्या तासानं अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का पडतो.

काकांना बाकावर बसवून दोन्ही वाटा समजावतो. आज गुन्हा नोंदवता येईल. किंवा आधी पंचांशी बोलणं करून त्यांच्याकडून लेखी घेता येईल, आणि तेही नाही जमलं तर गुन्हा. निर्णय त्यांचा, माझा नाही. पंचांनी त्यांच्यासाठी ठरवलं, आता कार्यकर्त्यानं ठरवलं, असं होता कामा नये. काकू म्हणतात, "एकदा बोलून बघा."

दुपारी ४
वाटेत एका जोडप्याचा फोन. दोघं सज्ञान, वेगवेगळ्या जातींतले. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस लावली तर घरच्यांना कळेल, ही भीती. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी निकालात सांगितलंय की दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला कोणत्याही पंचायतीची परवानगी लागत नाही. अशा जोडप्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी त्याच निकालानं प्रशासनावर टाकली आहे. अर्जाचा मसुदा पाठवतो आणि उद्या वकिलांची वेळ घेऊन देतो.

सायंकाळी ५.३०
पंचांपैकी सर्वांत वयस्कर बाबांच्या ओट्यावर बसलोय. चहा येतो. बाबा शांतपणे म्हणतात, "आमच्या बापजाद्यांना पोलीस जन्मापासून चोर म्हणायचे. कोर्ट कुठलं आणि वकील कुठला? पंचायतच आमचं कोर्ट." यातलं एक अक्षरही खोटं नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, आणि ते जोखड उतरायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. ज्यांना कुणी न्याय दिला नाही त्यांनी आपली पंचायत धरून ठेवली, हे समजून न घेता इथं बोलायला येऊच नये.

पण मी विचारतो, "बाबा, त्या कोर्टात काकूंना बोलू दिलं होतं का?" नाही. निकाल पटला नाही तर वर दाद मागता येते? नाही. दंडाचे पैसे कुठे जातात, ते लिहिलेलं आहे? बाबा गप्प राहतात. मग विद्यार्थिनी कायद्यातलं शिक्षेचं कलम वाचून दाखवते. तिचा स्वर धमकीचा नाही, म्हणून ते ऐकून घेतलं जातं. बाबा म्हणतात, उद्या बाकीच्या पंचांना बोलावतो, 'लग्नाला कुणी जावं-यावं, आमची हरकत नाही' असं लिहून देऊ. मी सही, तारीख आणि दोन साक्षीदार मागतो. तोंडी शब्द नाकारल्याचा अनुभव आमच्याकडे भरपूर आहे.

रात्री ८
पंचवटीत तरुणांची छोटी बैठक. इथून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांनी स्थानिक कार्यकर्त्यांना घेऊन तो पुढं वर्षानुवर्षं चालवला. एक मुलगा विचारतो, कायदा झाला तर मग तुमचं काम अजून का उरतं? उत्तर आज दिवसभर समोर होतं. कायदा पंचांचा हात धरू शकतो. गिरणीवाल्याला दळण घ्यायला लावू शकतो. पण शेजारणीनं शेजारणीला हाक मारावी, हे कोणत्याही कलमात लिहिता येत नाही. हुकूम निघाल्यावरही लोक महिनोन् महिने घाबरून लांब राहतात. ती भीती जाईपर्यंत त्या घरी येत-जात राहणं, त्यांच्या कार्याला हजर राहणं, हेही हक्काचंच काम आहे.

रात्री १०
नोंदवहीत आजच्या नोंदी : आवक शिक्क्याची तारीख, उद्याची पंचांची बैठक, वकिलांची वेळ. लेखी नाही मिळालं तर शुक्रवारी गुन्हा नोंदवायचा, हे काकांशी बोलून पक्कं केलंय. पंचवटीच्या बैठकीतल्या चौघांनी रविवारी लग्नाला यायचं कबूल केलं आहे.

वाचणाऱ्यांनाही एवढंच सांगणं आहे. तुमच्या ओळखीत, तुमच्या जातीत एखादं घर वाळीत असेल, तर कोणी, कधी, कुणासमोर ठरवलं ते लिहून ठेवायला त्यांना मदत करा. त्यांच्यासोबत ठाण्यात जा. आणि त्यांच्या घरचं पुढचं कार्य असेल तेव्हा घरच्यांना घेऊन, सगळ्यांच्या देखत, जेवायला जा.