गोठता गोठता पडणारा तडा

मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीत ओली वाळू ठोकून ठोकून गच्च भरा. तोंडाला बुचातून काचेची नळी बसवा आणि नळीत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी घाला. आता बाटली दाबली तर नळीतले पाणी चढेल की उतरेल? बहुतेक विद्यार्थी 'चढेल' म्हणतील. प्रत्यक्षात ते उतरते! गच्च बसलेले कण सरकताना एकमेकांना दूर लोटतात, मधली जागा वाढते आणि पाणी तिथे ओढले जाते. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली हा गुणधर्म दाखवून दिला. ओल्या वाळूत पाऊल टाकल्यावर भोवतालची वाळू क्षणभर कोरडी दिसते, तीही यामुळेच.

याचा धातूशी काय संबंध? शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला गोठते. त्यात साडेचार टक्के तांबे असेल, तर गोठणे सुमारे ६५० अंशांना सुरू होते. शेवटचा द्रव मात्र ५४८ अंशांपर्यंत टिकू शकतो. मधल्या काळात साच्यात असतो तो लगदा : घन स्फटिककण आणि त्यांच्यामधला द्रव. म्हणजे आपली ओली वाळूच! अशा लगद्यातले कणही सरकताना रेनॉल्ड्सच्या वाळूसारखेच वागतात, हे गोर्ले आणि दाले यांनी २००७ साली दाखवले.

गोठताना अ‍ॅल्युमिनियम सहा-सात टक्क्यांनी आकसते. साच्याने हे आकसणे अडवले की लगद्यावर ओढ बसते आणि कणांमध्ये फटी पडू लागतात. द्रव भरपूर असेपर्यंत तो धावून येतो व फट बुजवतो. पण नऊ-दशांश भाग गोठल्यावर वाटा अरुंद होतात. कणांभोवती उरते ती द्रवाची पातळ साय. द्रव वेळेवर पोचला नाही की पोकळी उघडते. पोकळ्या जुळून कणांच्या सीमांवरून तडा जातो. बाटलीच्या नळीतले पाणी संपावे, तसेच हे.

असा तडा अनेकदा पृष्ठभागाखाली दडलेला असतो. वस्तू वापरात तुटली की आपण धातूला कच्चा ठरवतो. खरे तर इजा धातू पुरता घन होण्याआधीच झालेली असते. म्हणून उपायही तेव्हाच करावे लागतात : आकसताना न अडवणारा साचा, टायटॅनियम-बोरॉन घालून बारीक केलेले कण, किंवा सुमारे १२ टक्के सिलिकॉनचा मिश्रधातू. तो जवळजवळ एकाच तापमानाला गोठतो, त्यामुळे लगद्याची अवस्था फार लांबत नाही.