पन्नाशीनंतरची नोकरी (लेखांक ६) : आधी डोळे तपासा

मागच्या लेखांकात ईपीएस पेन्शनचा हिशेब मांडला होता. पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पंधरा हजारांवर १४ वर्षे भरली असतील, तर ५८ व्या वर्षापासून महिना ३ हजार. जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या आसपास भाड्याने राहणाऱ्या कामगाराने हा आकडा पाहिला की त्याला विचारावंच लागत नाही. तो कामावर येतच राहणार. प्रश्न आहे तो त्याच्याकडून काम कसं घ्यायचं याचा.

याचं उत्तर जालन्याच्या बियाणे धंद्यात चांगलं दिसतं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली आणि संकरित बियाण्यांमुळे जालन्याचं नाव देशभर झालं. हे बियाणं शेवटी हातानेच तयार होतं. मिरचीचं क्रॉसिंग घ्या. उद्या उमलणारी कळी आज चिमट्याने हलकेच उघडायची, आतले पुंकेसर एकेक करून काढायचे, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर दुसऱ्या वाणाचे परागकण लावायचे. एखादा पुंकेसर आत राहून गेला, की बियाण्यात भेसळ आलीच. शेडनेटमध्ये वाकून हे काम करतात त्या बहुतेक बायका. पंचेचाळिशीची बाई कळी नीट दिसावी म्हणून मान मागे घेते, डोळे बारीक करते, दोनदा चिमटा चुकवते. मुकादम म्हणतो, ‘मावशींचा हात आता जड झाला.’ हाताला काहीही झालेलं नसतं. चाळिशीनंतर डोळ्याच्या भिंगाचा लवचिकपणा कमी होतो आणि जवळचं धूसर दिसू लागतं, एवढंच.

आसामच्या चहामळ्यांत चाळिशीच्या पुढच्या मजुरांचे दोन गट करून एका गटाला जवळचे चष्मे दिले गेले. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०१८ साली त्याचा निकाल आला : चष्मेवाल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास २२ टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ कुठल्या बोनसने मिळते, ते मालकांनीच सांगावं. शिवाय आपल्याला लांब जायचं कारण नाही. बारवाले यांच्याच पुढाकारातून उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय जालन्यातच आहे.

सळयांच्या रोलिंग मिलमध्ये मात्र चष्म्याने भागत नाही. भट्टीपुढचा ताप पन्नाशीच्या शरीराला झेपत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि अंगातलं पाणी आणखी घटतं. तरीही अनेक जण आजार सांगत नाहीत, कारण भट्टीपुढून हलवलं की ओव्हरटाइम बुडतो. अशा माणसाची जागा बदलावी, पगार कापू नये. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून अंदाज बांधणारा मिस्त्री नव्या पोरांच्या शेजारी उभा राहिला, तरी त्याचा पगार वसूल होतो. त्याला वॉचमन करून गेटवर बसवणं हा शुद्ध तोटा आहे.

सुपरवायझरांनी या महिन्यात एवढं करावं : चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची यादी काढावी आणि प्रत्येकाचे डोळे व रक्तदाब कंपनीच्या खर्चाने तपासून घ्यावेत. पुढच्या आठवड्यात ग्रॅच्युइटीबद्दल.