आकाशातील सम आणि विषम

रस्त्यावर सायकल चालवताना तुम्ही डाव्या बाजूने जाता, म्हणून समोरून येणारी मोटार तुमच्या उजवीकडून निघून जाते. आकाशात मात्र ना रस्ता, ना त्याची कड. मग समोरासमोर येणारी दोन लहान विमाने एकमेकांना कशी टाळतात?

वैमानिक पाहून बाजूला होईल, असे तुम्ही म्हणाल. थोडा हिशेब करू. दोन्ही विमानांचा वेग ताशी २०० किलोमीटर असेल, तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे १११ मीटरने कमी होते. दीड किलोमीटरवर समोरचे विमान दिसले, तर हाती जेमतेम १३ सेकंद उरतात. तेवढ्यात धोका ओळखायचा, निर्णय घ्यायचा आणि विमान वळवायचे!

म्हणून भारतासह अनेक देशांत उड्डाणाच्या दिशेवरून उंची ठरवतात. मार्गाचा कोन चुंबकीय उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजतात. तो ० ते १७९ अंश असेल, तर विषम हजारांत ५०० मिळवून येणारी उंची घ्यायची : ३,५००, ५,५००, ७,५०० फूट. तो १८० ते ३५९ अंश असेल, तर सम हजारांत ५०० मिळवायचे : ४,५००, ६,५००, ८,५०० फूट. बारामतीहून नागपूरला जाणारे विमान ईशान्येकडे जाते, म्हणून ते ५,५०० फुटांवरून जाईल. परतताना ६,५०० फुटांवरून येईल. दोघांत १,००० फुटांचे अंतर आपोआप राहते.

हे वरचे ५०० कशासाठी? हा नियम डोळ्यांनी पाहून उडणाऱ्यांसाठी आहे. केवळ उपकरणांच्या आधारे उडणारी विमाने पूर्ण हजारांच्या उंचीवर असतात. ५०० फुटांमुळे ती वेगळी राहतात.

पण उंची कळते कशी? विमानातील उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ सुमारे २७ फूट वर गेले, की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. हवामानानुसारही दाब बदलतो, म्हणून सर्व वैमानिकांनी उंचीमापक एकाच आधारदाबावर लावावा लागतो. एकाने तो १० हेक्टोपास्कलने चुकीचा लावला, तर २७० फुटांचा फरक पडेल. ५०० फुटांपैकी अर्ध्याहून अधिक अंतर असे नकळत नाहीसे होईल!

नियमालाही मर्यादा आहेत. एक विमान १० अंशांच्या आणि दुसरे १७० अंशांच्या मार्गावर असेल, तर दोघांनाही विषम उंचीच मिळते; पण ती जवळजवळ समोरासमोर येतात! म्हणून वैमानिकाला नजर सतत बाहेर ठेवावीच लागते. शिवाय हा नियम दुसऱ्या विमानाचा विचार करतो, डोंगराचा नाही. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच आहे. तेथून पूर्वेकडे ५,५०० फुटांवरून जाणारा वैमानिक नियम पाळील, पण शिखर त्याच्या खाली फक्त १०० फुटांवर असेल. त्याने ७,५०० फूटच निवडले पाहिजेत. आधी नकाशावरील सर्वांत उंच डोंगर पाहायचा, त्यावर पुरेसे अंतर ठेवायचे आणि मगच सम-विषम पाहायचे.

आता नकाशा आणि कोनमापक घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक फारच थोडा आहे, तो सोडून द्या. नागपूरहून कोल्हापूरला जाताना आणि परत येताना तुम्ही कोणत्या उंची निवडाल?