दृष्टीचें वय

डोळे उघडले कीं जग दिसतें, अशी आपली सर्वांची समजूत असते. वस्तुतः डोळा मेंदूस जें पुरवितो तें एक सपाट चित्र होय. नेत्रगोलाच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जी आकृति उमटते तिला लांबी व रुंदी असते, खोली नसते. समोरचा तांब्या गोल आहे, उंबरठा दोन हातांवर आहे, विहीर खोल आहे, हे सारे निर्णय मेंदूस त्या सपाट चित्रावरून करावे लागतात. ही विद्या मनुष्य जन्मतः पुरती घेऊन येत नाहीं. बालपणीं ती तो शिकतो, तरुणपणीं नकळत वापरतो, आणि म्हातारपणीं तिचीं साधनें हळूहळू झिजूं लागतात. म्हणूनच एकाच दिव्याखालीं बसलेल्या नातवाचें, आईचें व आजीचें जग अगदीं एकच नसतें. हा फरक घरांतील माणसांस ठाऊक असला तर कित्येक अनर्थ टळतील.

खोलीचें ज्ञान करून देणारीं साधनें अनेक आहेत. जवळची वस्तु दूरच्या वस्तूस झांकते. सारख्या उंचीचीं झाडें दूर जातां जातां लहान दिसतात. छायेवरून उंचवटा कीं खळगा तें कळतें. एवढें एका डोळ्यासही साधतें. सर्वांत नाजुक साधन मात्र दोन डोळ्यांचें आहे. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारणतः ६३ मिलिमीटर अंतर असतें. त्यामुळें प्रत्येक डोळ्यास किंचित् निराळें चित्र मिळतें, व त्या दोहोंतील फरकावरून मेंदू अंतर काढतो. १८३८ सालीं चार्ल्स व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें आपल्या स्टीरिओस्कोप यंत्रानें हें सिद्ध केलें. किंचित् भिन्न अशीं दोन सपाट रेखाचित्रें दोन डोळ्यांस एकेक दाखविलीं, तों मधोमध घनाकृति उभी राहिली! घरच्या घरीं प्रचीति पाहणें असेल त्यांनीं एक डोळा मिटून, हात लांब धरून, सुईंत दोरा ओंवून पाहावा. दोरा सुईच्या पुढें कीं मागें, हेंच समजेनासें होतें.

पाळण्यांतील जग

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची दृष्टि फार अंधुक असते. त्यास बरें दिसतें तें सुमारें वीस ते तीस सेंटिमीटरांवरचें. म्हणजे मांडीवर घेऊन पाजणाऱ्या आईच्या मुखाइतक्या अंतरावरचें. दोन्ही डोळे एका जागीं स्थिर करणेंही त्यास नीट साधत नाहीं. दोन डोळ्यांच्या योगानें होणारें खोलीचें ज्ञान बहुतेक मुलांत तिसऱ्या ते पांचव्या महिन्याच्या दरम्यान प्रकट होतें.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतील एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनीं १९६० सालीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एका मोठ्या मेजावर जाड कांच बसविली; तिच्या अर्ध्या भागास चौकटीचें कापड लगेच खालून लावलें, व उरलेल्या अर्ध्या भागाखालीं तें पार जमिनीवर पसरलें. म्हणजे एका बाजूस सपाटी व दुसऱ्या बाजूस कडा, असा देखावा झाला. मधल्या फळीवर साडेसहा ते चौदा महिन्यांचीं छत्तीस मुलें एकेक करून ठेविलीं. त्यांपैकीं सत्तावीस मुलें फळीवरून हाललीं. पण कड्याच्या बाजूस गेलीं तीं अवघीं तीन. कित्येक मुलें कांच हातानें चांचपून पाहात, आणि तरीही पलीकडून बोलावणाऱ्या आईकडे जाण्यास धजत नसत.

पुढील संशोधनांत याहून महत्त्वाची गोष्ट आढळली. रांगूं न लागलेलें मूल कड्याच्या बाजूस ठेविलें असतां त्याचें हृदय जलद न चालतां उलट मंद होतें. म्हणजे त्यास फरक दिसतो, त्याकडे त्याचें लक्षही वेधतें. पण भीति वाटत नाहीं. भय येतें तें रांगण्याच्या अनुभवानंतर. तेव्हां पांच महिन्यांचें मूल, 'त्याला कड कळते' या भरंवशावर, पलंगावर एकटें सोडून जाणें सर्वथा अयोग्य होय.

अंतराचा अर्थ समजण्यास तर वर्षें लागतात. हेल्महोल्ट्झ या प्रख्यात जर्मन शास्त्रज्ञानें आपल्या बालपणची एक आठवण नमूद केली आहे. पॉट्सडॅम येथील चर्चच्या मनोऱ्यावरील सज्जांत उभीं असलेलीं माणसें त्यास बाहुल्या वाटल्या, व त्या हात वर करून काढून दे, असें तो आईस म्हणाला! दूरची वस्तु लहान दिसली तरी लहान नसते, हा हिशेब जवळच्या अंतरावर मुलांस लवकर साधतो; लांबच्या अंतरावर तो कित्येक वर्षें कच्चाच राहतो. रस्ता ओलांडतांना 'मोटार लांब आहे' या मुलाच्या सांगण्यावर विसंबूं नये, तें याचकरितां.

शिकण्याचा हंगाम

१६८८ सालीं विल्यम मॉलिन्यू या आयरिश पंडितानें जॉन लॉक यास एक प्रश्न विचारला होता. जन्मांध मनुष्य घन व गोल हातानें ओळखतो. त्यास एकाएकीं दृष्टि आली, तर नुसतें पाहून त्या दोहोंतील भेद तो सांगेल काय? या प्रश्नास उत्तर दिलें तें सव्वातीनशें वर्षांनीं आपल्याच देशांतील मुलांनीं. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पांत जन्मतः अंध मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांस दृष्टि देण्यांत येते, व ती कशी विकसते याचा अभ्यासही होतो. अशा आठ ते सतरा वर्षांच्या पांच मुलांच्या परीक्षेचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. हातानें चांचपलेली वस्तु डोळ्यांनीं ओळखणें त्यांस प्रथम जवळजवळ साधलेंच नाहीं; परंतु थोड्याच दिवसांत साधूं लागलें.

मात्र सर्वच गोष्टी उशिरां शिकतां येतात असें नाहीं. ह्यूबेल व वीझेल यांनीं मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखविलें कीं, लहानपणच्या ठराविक काळांत एक डोळा मिटून ठेविला तर मेंदूंतील त्याच्या वांट्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. १९८१ सालच्या नोबेल पारितोषिकांत या दोघांचा वांटा होता. मुलाचा डोळा तिरळा असला म्हणजे असेंच कांहीं घडतें. दोन चित्रें जुळत नाहींत, म्हणून मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करूं लागतो. 'मोठा झाला म्हणजे आपोआप सुधारेल', 'मुलीचें लग्नाच्या वेळीं पाहूं', असें म्हणून वडील माणसें नेमका हाच मोलाचा काळ दवडतात. तिरळेपणा हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. चार महिन्यांनंतरही बाळाचा डोळा वळत असेल तर त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. चष्मा, चांगल्या डोळ्यावर पट्टी, जरूर तर शस्त्रक्रिया, हे उपाय सातव्या वर्षाच्या आंत विशेष गुणकारी ठरतात. पुढें आशा सर्वस्वीं संपते असें नाहीं. सूझन बॅरी या अमेरिकन विदुषी बालपणापासून तिरळ्या. डोळ्यांच्या व्यायामांनीं अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्यांस प्रथमच जग घन दिसूं लागलें. पण अशीं उदाहरणें विरळा.

उतरणीचा काळ

नेत्रभिंग मूळचें लवचिक. जवळ पाहतांना तें फुगीर होतें. परंतु तें आयुष्यभर वाढत व कठीण होत जातें. दहा वर्षांच्या मुलास सुमारें सात सेंटिमीटरांवरचें अक्षरही स्पष्ट दिसतें. चाळिसाव्या वर्षीं तेंच अंतर वीस-बावीस सेंटिमीटर होतें, आणि पुढें पोथी धरणारा हात पुरेनासा होतो. आपल्या भाषेनें त्या वयास व त्या चष्म्यास 'चाळिशी' हें एकच नांव दिलें, तें यथार्थच होय.

साठीनंतरचा फरक अधिक सूक्ष्म, म्हणून अधिक घातक. भिंग पिवळसर होतें, बाहुली लहान राहते. विशींतील डोळ्याच्या मानानें दृष्टिपटलावर सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो. पांढऱ्यावरचें काळें अक्षर वाचणारी आजी करड्या फरशीवरची करडी पायरी चुकते; कारण सारख्या रंगांतील भेद तिला दिसेनासा झालेला असतो. दोन डोळ्यांचा मेळही सैल होतो. एका डोळ्यांत मोतीबिंदु अधिक असल्यास अडचण वाढते. अंधुक चित्र मेंदूस किंचित् उशिरां पोंचतें, आणि समोर सरळ झुलणारा लंबक वाटोळा फिरतोसा भासतो. या चमत्काराचें स्पष्टीकरण कार्ल पुलफ्रिख या जर्मन शास्त्रज्ञानें १९२२ सालीं दिलें. आणि दैवगति अशी कीं, स्वतःचा एक डोळा गेलेला असल्यामुळें त्यास तो पाहतां येत नव्हता!

तेव्हां आजोबा पायरीवर अडखळले तर 'नीट पाहून चाला' असें म्हणणें हा उपाय नव्हे. ते नीटच पाहात असतात. प्रत्येक पायरीच्या कांठावर पांढरा अगर पिवळा पट्टा ओढावा. जिन्याच्या वरच्या व खालच्या टोंकास दिवा असावा, पण तो डोळ्यांवर चमकणारा नसावा. न्हाणीघराच्या उंबरठ्यास फरशीहून निराळा रंग द्यावा. दूरचें व जवळचें दिसणारें दुहेरी भिंग सोयीचें खरें. परंतु जिना उतरतांना खालची पायरी त्याच्या जवळच्या भागांतून, म्हणून अंधुक, दिसते. नेहमीं बाहेर हिंडणाऱ्या वृद्धांस फिरण्यासाठीं केवळ दूरचा निराळा चष्मा दिला असतां पडणें कमी होतें, असें ऑस्ट्रेलियांतील चांचणीवरून २०१० सालीं दिसून आलें. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांचें बाहेरील पडणें मात्र उलट वाढलें. यास्तव असा बदल वैद्यास विचारूनच करावा.

बाळ हात पुढें करून चंद्र मागतें तेव्हां आपण हंसतों. आजी निरांजन लावतांना काडी वातीच्या बोटभर अलीकडेच धरते तेव्हां चिडतों. दोघांची चूक एकाच जातीची आहे. बाळाची काळाबरोबर सुधारेल. आजीची सुधारणार नाहीं. तिच्याजवळ आपण दिवा न्यावा.