पोवळ्याची उलटी बाजू

लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथल्या एका टेबलावर चांदीचा खुळखुळा माझ्या हाती आला. जेमतेम पाच इंचांचा. एका टोकाला शिट्टी, मधल्या फुगीर भागाभोवती घुंगरं आणि दुसऱ्या टोकाला करंगळीएवढी पोवळ्याची कांडी. टेबलामागच्या बाईंनी सांगितलेली किंमत नुसत्या चांदीच्या मानाने कितीतरी जास्त होती. मी भिंग काढलं. शिट्टीजवळ चार ठसे होते. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, तिथेच या चांदीची पारख झाली. चालता सिंह म्हणजे कस पुरा. एक अक्षर वर्षाचं. चौथा ठसा राणीच्या मुखाचा, म्हणजे सरकारी कर भरल्याची खूण. ती इंग्लंडात १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारली जाई. म्हणजे खुळखुळा एकोणिसाव्या शतकातला, व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला.

आठांपैकी दोन घुंगरं नव्हती. तिसरं इतरांपेक्षा पांढरट होतं आणि त्याच्या बुडाशी डाखाचा जाड ओघळ दिसत होता, म्हणजे ते मागाहून कुणीतरी बसवलेलं. कांडीचं टोक एका बाजूने झिजलं होतं आणि त्यावर बारीक खळगे होते. दात येताना एका बाळाने ती चावली होती. ठशांनी मला काळ सांगितला, पण मी पैसे मोजले ते त्या झिजेसाठी.

पोवळं बाळाला जपतं ही समजूत युरोपात फार जुनी. पिएरो देल्ला फ्रांचेस्का या पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराचं सेनिगाल्याच्या माउलीचं चित्र उर्बिनोच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या बाळ येशूच्या गळ्यात पोवळ्यांची माळ आहे आणि तिच्यात पोवळ्याची एक फांदी ओवलेली आहे. नेपल्सकडे आजही दृष्ट लागू नये म्हणून मिरचीच्या आकाराचं लाल शिंग गळ्यात घालतात. आपल्याकडे तान्ह्याच्या मनगटात दृष्टमणी बांधतात, तीच ही भावना. म्हणूनच असेल, युरोपच्या जुन्या दागिन्यांमध्ये मला हिऱ्यांपेक्षा पोवळ्याची ओढ जास्त. गेली अनेक वर्षं मी तेच जमवते आहे, आणि त्यातून एक गोष्ट पक्की शिकले. पोवळं रंगावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. दागिना उलटा करावा, भोकं बघावीत, फासा बघावा, कड बघावी. पुढची बाजू कारागिराने दाखवण्यासाठी केलेली असते. मागची बाजू त्याने कामापुरती केलेली असते, म्हणून ती खरं सांगते.

पोवळं म्हणजे समुद्रातल्या चिमुकल्या जिवांच्या वसाहतीचा सांगाडा, मुख्यत्वे चुनखडी. भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं इतकं सावकाश वाढतं की खोडाची जाडी वर्षाला अर्ध्या मिलिमीटरनेही वाढत नाही. करंगळीएवढी कांडी व्हायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. या वाढीची खूण पोवळ्यात उरते. भिंगाखाली फांदीच्या लांबीला समांतर अशा अतिशय बारीक रेषा दिसतात, लाकडाच्या शिरांसारख्या. आडव्या छेदात त्याच रेषा मधून बाहेर फाकलेल्या दिसतात. घासूनपुसून चकचकीत केलेल्या मण्यावरही प्रकाश तिरपा धरला की त्या उमटतात. पोवळं ओळखण्याची पहिली कसोटी हीच, आणि तिला दहापट भिंगाखेरीज काहीही लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातलं युरोपचं बहुतेक पोवळं एका गावाच्या हातून गेलं. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, नेपल्सच्या उपसागरावरचं तोर्रे देल ग्रेको. इथले कोळी पिढ्यान्‌पिढ्या पोवळ्यासाठी सार्डिनिया, सिसिली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. लाकडाचा जड क्रूस, त्याला जाळ्यांची लक्तरं बांधलेली, तो तळाशी सोडायचा आणि ओढत न्यायचा, म्हणजे फांद्या मोडून जाळ्यात अडकतात. १७९४ साली व्हेसुव्हियसच्या लाव्ह्याने गाव गिळलं, तरी लोक तिथेच परत राहिले. १८०५ मध्ये राजा फर्दिनांदने पाओलो बार्तोलोमेओ मार्तिन याला इथे पोवळ्याचा कारखाना काढायची दहा वर्षांची सनद दिली, आणि कोळ्यांचं गाव कारागिरांचं झालं. १८७८ मध्ये कोरीवकामाची शाळाही निघाली. मणी कातणारे, पैलू पाडणारे, चेहरे कोरणारे, असे कामाचे वाटे पडले होते, आणि ओवण्याचं काम बायकांकडे असे. व्हिक्टोरियन काळात पोवळ्याची फॅशन इंग्लंडात ऐन भरात होती. लंडनचे जवाहिरे रॉबर्ट फिलिप्स यांनी नेपल्सच्या कारागिरांकडून इतकं काम करवून घेतलं की इटलीच्या राजाने त्यांना त्यासाठी मानचिन्ह दिलं.

यानंतर जे घडलं ते संग्राहकाच्या फार कामाचं आहे. १८७५ ते १८८० या पाच वर्षांत सिसिलीच्या शाक्काजवळच्या समुद्रात एकामागून एक असे पोवळ्याचे तीन मोठे साठे सापडले. ते पोवळं जिवंत नव्हतं. हजारो वर्षं गाळात मरून पडलेलं, नारिंगीकडे झुकणारं, कुठे काळपट डाग पडलेलं. बाजारात त्याचा पूर आला आणि भाव कोसळले. त्याच सुमारास जपानी पोवळंही इटलीत येऊ लागलं. मेइजी काळाआधी ते तिथे पोचतच नव्हतं. आता या दोन्ही पोवळ्यांनी आपली खूण मागे ठेवली आहे. जपानी लाल पोवळ्याच्या गाभ्यात पांढरी रेघ असते, मागच्या बाजूला किंवा भोकाजवळ ती हमखास डोकावते. भूमध्य समुद्रातल्या पोवळ्याचा रंग गाभ्यापर्यंत एकसारखा. म्हणून एखाद्या पिनेवर ‘१८४०’ अशी चिठ्ठी असेल आणि पाठीमागे पांढरा गाभा दिसत असेल, तर चिठ्ठी खोटी. काळपट डागांचं नारिंगी पोवळंही तसंच, ते १८७५ च्या अलीकडचं धरायचं. पुण्या-मुंबईच्या सराफांकडे ‘इटालियन पोवळं’ आणि ‘जपानी पोवळं’ असे शब्द सर्रास ऐकू येतात. त्यामागे हीच भानगड आहे. मात्र इटलीत घडलेलं सगळं इटलीच्या समुद्रातलं नसतं, हे तिथे कुणी सांगत नाही.

माझ्याकडची एक पिन इथे उलटी करून दाखवते. पुढून बघितलं तर द्राक्षाची पानं, दोन गुलाब आणि मधोमध एका बाईचा चेहरा, सगळं पोवळ्याचं. मागून बघितलं तर सोन्याचा मुलामा दिलेल्या पितळी पत्र्याची चौकट आणि प्रत्येक पान बारीक तारेने स्वतंत्र बांधलेलं. एक पान तारेने नाही, डिंकासारख्या पिवळट पदार्थाने चिकटवलं आहे. म्हणजे दुरुस्ती. टाचणीची सुई चौकटीच्या कडेपलीकडे चांगली पाव इंच जाते, आणि ती अडकवायला इंग्रजी ‘सी’सारखा साधा आकडा आहे, त्याला कसलंही कुलूप नाही. जाड कापडाच्या झग्यात सुई खोल रुतावी म्हणून ती लांब ठेवत. फिरवून बंद होणारे आकडे विसाव्या शतकाच्या तोंडावर रूढ झाले. जुन्या पिनेला नवा आकडा असेल तर ती नकली ठरत नाही, पिन हरवू नये म्हणून कुणीतरी तो मागाहून बसवलेला असतो. अशा वेळी सांध्याजवळ बघावं. सोन्याच्या दागिन्यावर कथलाचा करडा डाख दिसला तर किंमत पाडून मागावी.

नकला पुष्कळ. काच हाताला गार लागते, तिच्यात हवेचे बुडबुडे दिसतात आणि टवका उडाला तर शिंपल्यासारखा वळणदार. १८७० नंतर आलेलं सेल्युलॉइड वजनाला हलकं, अंगठ्याने जोरात चोळलं की कापराचा वास येतो. रंगवलेल्या हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात. आजच्या बाजारात सगळ्यात जास्त फसवतं ते रंगवलेलं बांबू पोवळं, कारण ते खरंच पोवळं असतं, फक्त लाल नसतं. त्याच्या रेषा जाड आणि लांब लांब, रंग खळग्यांत साचलेला आणि भोकाच्या आत पांढरं. लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का बघा, असा सल्ला जुनी माणसं देतात. कृपा करून तसं करू नका. फेस शिंपल्यालाही येतो, आणि पोवळ्याची झिलई कायमची जाते. तापल्या सुईचा प्रयोगही तसाच. शंभर वर्षं टिकलेल्या वस्तूला परीक्षेपायी डाग देऊ नये.

ठशांवर फार भिस्त ठेवू नये, असं मी नवख्यांना नेहमी सांगते. फ्रेंच सोन्यावर १८३८ पासून गरुडाचं डोकं मिळतं, राईएवढं, पण स्पष्ट. इटलीत मात्र १८७३ पासून ठसा मारणं ऐच्छिक होतं, त्यामुळे नेपल्सचं अस्सल काम पुष्कळदा बिनठशाचंच असतं. उलट तारा, आकडा आणि ‘एनए’ ही नेपल्सची अक्षरं असा ठसा असेल तर तो १९६८ च्या कायद्यानंतरचा दागिना. ‘आजीच्या आजीचा’ म्हणून विकायला ठेवलेल्या कर्णफुलांवर मी तो दोनदा पाहिला आहे.

या पोवळ्याची आपल्याशी असलेली सोयरीक अगदी जुनी आहे. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं आहे की हिंदुस्थानच्या मोत्यांना रोममध्ये जेवढा मान, तेवढाच मान हिंदुस्थानात पोवळ्याला आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकावर्णनात भृगुकच्छ बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं आहे. मला सगळ्यात भावते ती अठराव्या शतकातली हकिगत. इटलीतल्या लिव्होर्नो बंदरात एर्गास आणि सिल्व्हेरा ही ज्यू व्यापाऱ्यांची पेढी होती, १७०४ ते १७४६. ते लिस्बनमार्गे गोव्याला पोवळं पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. गोव्यातले त्यांचे अडत्ये सारस्वत होते. पोर्तुगीज कागदांत त्यांचं नाव ‘कामोतीम’ असं येतं, म्हणजे आपले कामत. फ्रांचेस्का त्रिवेल्लातो या इतिहासकार बाईंनी त्या पेढीची पत्रं अभ्यासून यावर मोठा ग्रंथ लिहिला. पत्रं पोर्तुगीजमध्ये, मधे दोन महासागर, धर्म वेगळे, एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि जाऊन-येऊन उत्तर हाती पडायला वर्षं लागायची. तरी व्यवहार चालला, तो नावलौकिकावर. कोकणातल्या जुन्या घरांत पोवळ्याची माळ दिसली की मला ती पत्रं आठवतात.

माझ्या आईची तशी एक माळ होती. सोन्याचे मणी आणि मधे मधे पोवळी, बोराच्या बीएवढी. आईच्या मागे ती मोडायची ठरली. पेढीवर सोनं काट्यावर चढलं, पोवळी कात्रीने सोडवून कागदाच्या पुडीत बांधली गेली आणि काउंटरवरचा गृहस्थ म्हणाला, “याला काही भाव नाही, ताई. देवघरात ठेवा.” मी तेव्हा तिशीत होते, मला काही कळत नव्हतं, मी पुडी घेऊन घरी आले. पुढे कित्येक वर्षांनी तिच्यावर भिंग धरलं. सव्वीस मणी. रंग गाभ्यापर्यंत सारखा, पांढरी रेघ एकातही नाही. बारीक समांतर रेषा स्पष्ट. भोकं दोन्ही बाजूंनी पाडलेली आणि मधे किंचित चुकलेली, हाताने फिरवलेल्या गिरमिटाची ती खूण. भोकांच्या कडा दोऱ्याने घासून गोल झालेल्या. ही पोवळी भूमध्य समुद्रातली होती आणि ती कित्येक पिढ्या गळ्यात राहिली होती. त्या सोन्याच्या मण्यांची घडण कशी होती, फासा कुठल्या धाटणीचा होता, हे आता मला कुणीही सांगू शकणार नाही. ते आटलं.

युरोपीय संघाने १९९४ मध्ये तो क्रूस ओढून पोवळं काढण्यावर बंदी घातली. क्रूसाने तळ खरवडून निघत असे, आणि खरवडलेला तळ भरून यायला कित्येक दशकं जातात. तेव्हा ज्याला पोवळ्याचा दागिना हवा, त्याने जुनाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. तो समुद्रातून निघून गेलेला आहे, नव्याने काही तोडावं लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी आहे, त्यांना एक विनंती. पोवळं अत्तर, घाम आणि साबण यांनी मरतं, मऊ ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा आणि मोत्यांसारखं वेगळ्या कापडात ठेवा. दोरा कुजला असेल तर पटवेकऱ्याकडून नव्याने गाठवून घ्या, पण जुना फासा टाकू नका. मोडायचीच वेळ आली, तर पेढीवर जाण्याआधी दागिना उजेडात उलटा ठेवून पुढून, मागून आणि फाशाचे जवळून फोटो काढा, वजन लिहा, आणि तो कुणाकडून कुणाकडे आला हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून त्याच कागदावर टिपून ठेवा.