मुखवेदना (लेखांक सातवा) : कान निर्दोष असताना

सांध्यातील चकती जागेवरून सरकली म्हणजे जबडा ‘कट्’ असा का वाजतो, याचे विवेचन या आठवड्यात व्हायचे होते; परंतु तज्ज्ञांनी कान निर्दोष ठरविल्यावरही तो ठणकतच राहतो त्याचे काय, अशी विचारणा एका वाचकाने केली असून, हा प्रश्न विषयाच्या मुळाशी जाणारा असल्याने चकतीला आणखी एक आठवडा थांबावे लागेल.

जबड्याचा सांधा कानाच्या इतका लगत असतो की, कानात करंगळीचे टोक ठेवून तोंड उघडले-मिटले, तर खालच्या जबड्याचा गोलसर माथा बोटाला हलताना जाणवतो. या शेजाराकडे वैद्यकाचे लक्ष वेधण्याचे श्रेय बहुतांशी अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांना दिले जाते. कान दुखणे, कानाला दडे बसणे, कानात आवाज येणे आणि गरगरणे या तक्रारींचा संबंध त्यांनी १९३४ साली ११ रुग्णांच्या आधारे जबड्याच्या सांध्याशी जोडला. मागच्या दाढा पडल्या की जबडा प्रमाणाबाहेर मिटतो, त्याचा माथा मागे-वर ढकलला जातो आणि कानापुढून जाणारा मज्जातंतू व कान-घसा जोडणारी नलिका चेपली जाते, अशी त्यांची उपपत्ती होती. मात्र असे चेपले जाणे शरीररचनेत बसत नाही, हे हॅरी सिकर या शरीररचनातज्ज्ञांनी १९४८ साली दाखवून दिले. तोवर, आणि खरे तर त्यानंतरही पुष्कळ काळ, दातांची ठेवण ‘सुधारण्याचे’ उपचार चालूच राहिले. निरीक्षण अचूक आणि कारणमीमांसा चुकीची, अशी उदाहरणे वैद्यकात अनेक आहेत. परंतु येथे त्या चुकीपायी निरोगी दातही घासले गेले, आणि घासलेला दात पुन्हा भरून येत नाही.

मग कान का दुखतो? चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूची तिसरी शाखा सांध्याला, चर्वणाच्या स्नायूंना आणि कानाच्या नळीच्या पुढच्या भागाला अशा तिन्ही ठिकाणी तंतू पुरविते, आणि त्या सर्वांचे संदेश मेंदूच्या देठातील एकाच केंद्रात, अनेकदा त्याच पेशींवर, येऊन मिळतात. त्यामुळे हृदयाची कळ जशी डाव्या हातात जाणवते, तशीच स्नायूची कळ कानात जाणवू शकते. हिला अन्यत्र जाणवणारी वेदना म्हणता येईल. गालावरच्या चर्वणस्नायूचा खोल थर, जो गालफडाच्या हाडाखाली आणि सांध्याच्या किंचित पुढे असतो, तो याबाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहे.

याचा पडताळा हातानेच घेतला जातो. रुग्णाला दात आवळायला सांगितले की जबड्याच्या कोनावर स्नायू फुगून येतो. मग जबडा सैल सोडायला लावून तज्ज्ञ त्या स्नायूवर साधारण एक किलोचा दाब देतात आणि तो पाच सेकंद ठेवतात. जोराने दाबले तर कोणालाही दुखेल, म्हणून ‘दुखते का?’ एवढाच प्रश्न पुरेसा नसतो. ‘नेहमी जे कानात दुखते, ते हेच का?’ हा प्रश्न निर्णायक ठरतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निदान-निकषांनी ओळखीच्या वेदनेला जे महत्त्व दिले, ते याच कारणाने. ही परीक्षा साधी असूनही क्ष-किरण चित्रांच्या गर्दीत ती राहून जाते, हे खेदजनक आहे.

तथापि, स्नायू दाबल्यावर दुखला म्हणून निदान संपले असे मानणे धोक्याचे आहे. कानाला एकट्या त्रिशाखी मज्जातंतूकडूनच नव्हे, तर घसा, जिभेचे मूळ आणि स्वरयंत्र यांना तंतू पुरविणाऱ्या इतर मज्जातंतूंकडूनही संवेदना मिळते. म्हणून त्या भागांतील कर्करोगाची पहिली तक्रार कधीकधी एका बाजूच्या कानदुखीची असते. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याचा वापर असलेल्या आपल्या भागात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. गिळताना त्रास, बसलेला आवाज, मानेतील गाठ किंवा न भरणारा व्रण सोबत असेल, तर जबड्याच्या उपचारांआधी दुर्बिणीने घशाची तपासणी होणे आवश्यक असते. तोंड पुरते उघडत नसल्यास सुपारीमुळे गालाचे आतले अस्तर ताठ होऊन आक्रसले आहे का, हेही बोटाने चाचपून पाहावे लागते, कारण तशा वेळी दोष सांध्यात नसतोच.